म्हाताऱ्या ताऱ्यांवर प्रोजेक्ट घेताय? आधी मीरा बघा

एमएस्सीला राक्षसी ताऱ्यांचे वारे (म्हणजे ताऱ्यातून बाहेर वाहत जाणारा गॅस) हा विषय घेतला आणि मी पहिल्याच दिवशी कोड चालवायला बसले. नवीन येणाऱ्यांनो, तसं करू नका, आधी एकच तारा धरा आणि तो नीट समजून घ्या. माझा तारा मीरा, तिमिंगल तारकासमूहातला, १५९६ मध्ये फॅब्रिशियस या खगोल निरीक्षकाने नोंदवलेला. तेज कमी-जास्त होण्याचा साधारण ३३२ दिवसांचा फेरा, भरात असला की नुसत्या डोळ्यांनी दिसतो, नंतर दुर्बिणीशिवाय सापडत नाही. एएव्हीएसओ या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेकडे त्याच्या नोंदी फुकट मिळतात, ग्राफ स्वतः काढा, चढ पटकन आणि उतार सावकाश हे आपल्या हाताने काढलं की डोक्यात बसतं.

आता माझी चूक. मॉडेलमध्ये मी धूळ थेट ताऱ्याच्या पृष्ठभागापासूनच टाकली, वारा झकास सुटला, मी खूश. सरांनी प्लॉट बघून एवढंच विचारलं, "तिथलं तापमान किती गं?" ३००० केल्विन! तिथे धूळ टिकणारच नाही.

खरं असं होतं की तारा फुगतो-आकसतो, त्यातून शॉक म्हणजे धक्का-लहरी निघतात, ते गॅस वर उचलतात पण तेवढ्याने तो सुटत नाही, परत खाली यायला लागतो. वर असताना थंड होऊन १५०० केल्विनच्या खाली गेला की धुळीचे कण बनतात, प्रकाश कणांना ढकलतो, कण गॅसला आपटत आपटत बरोबर नेतात. वेग सेकंदाला ५ ते २० किमी, म्हणजे वारा तसा संथच.

मीरासारख्या ऑक्सिजनवाल्या ताऱ्यांत अजून एक मेख आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. तिथली धूळ सिलिकेटची, म्हणजे वाळूसारख्या खनिजाची. सिलिकेटमध्ये लोह असेल तर कण तापून उडून जातो, लोह नसेल तर तो जवळपास पारदर्शक, मग प्रकाश ढकलणार कशाला? कण ०.३ मायक्रॉनच्या आसपास वाढला की प्रकाश विखुरतो आणि त्यातूनच धक्का मिळतो. २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीने असे कण ताऱ्यांच्या अगदी जवळ दाखवले.

मीरा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण एक कोटीवा भाग गमावतो, म्हणजे तीसेक वर्षांत एक पृथ्वी! मेसा हा ताऱ्यांच्या आयुष्याचं मॉडेल काढणारा कोड वापराल तर त्यातला वस्तुमान गमावण्याचा रायमर्सचा फॉर्म्युला १९७५ चा आहे, त्यात ना पल्सेशन (फुगणं-आकसणं) ना धूळ, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा.

आणि डिसेंबरात संध्याकाळी मीरा शोधायला जाणार असाल तर आधी तारीख बघा, भर दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, काही वर्षी तर तो ऐन भरात सूर्याजवळच असतो.