बँकेचा उतारा आणि वही रिकन्साइल कशी करायची

हिशेब ‘सेटल’ करणं म्हणजे देणं-घेणं फेडून टाकणं. ‘रिकन्साइल’ करताना पैसे हलत नाहीत. दोन नोंदींमध्ये फरक का पडला, ते रुपया-रुपयानं शोधायचं असतं.

इंदूरच्या सीतलामाता बाजारातलं कापडाचं दुकान धरू. 31 मार्चला वहीत बँकेची शिल्लक 84,350, उताऱ्यावर मात्र 93,378. आधी मागच्या महिन्याच्या जुळवणीत लटकलेल्या रकमा घ्या. त्यातल्या बहुतेक या उताऱ्यात सापडतात. मग प्रत्येक नोंदीवर दोन्हीकडे टिक करा. आपल्या वहीत बँकेची शिल्लक नावे (डेबिट) बाजूला असते, बँकेच्या उताऱ्यावर तीच जमा (क्रेडिट) बाजूला. इथेच नवशिक्यांची बेरीज-वजाबाकी उलटी होते.

टिक न झालेल्या रकमा अशा निघाल्या: व्यापाऱ्याला दिलेला 12,000 चा चेक त्यानं अजून भरलेला नाही. आपण भरलेला 7,500 चा चेक वटायचा आहे. एका गिऱ्हाइकानं परस्पर खात्यात 5,000 टाकले. बँकेनं 300 चार्ज आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून 354 कापले. कार्डावरची 10,000 ची विक्री वहीत पूर्ण धरली, पण मशीनवाल्या बँकेनं 100 कमिशन आणि 18 जीएसटी कापून 9,882 च जमा केले.

आता आधी वही दुरुस्त करा: 84,350 + 5,000 − 354 − 118 = 88,878. दोन्ही चेकांची नोंद वहीत बरोबरच आहे, तिला हात लावू नका; ती फक्त जुळवणीच्या कागदावर येते: 88,878 + 12,000 − 7,500 = 93,378. वही दुरुस्त न करता सगळे फरक कागदावरच मिटवले, तर तेच फरक पुढच्या महिन्यात पुन्हा उभे राहतात.

तरीही फरक उरला, तर त्याला 9 नं भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते: 5,400 चे 4,500 लिहिले की फरक 900. नाहीतर फरकाच्या निम्मी रक्कम शोधा. 2,600 ची नोंद उलट्या बाजूला पडली की 5,200 चा फरक दिसतो. उरलेली रक्कम ‘किरकोळ खर्चा’त ढकलू नका. छोट्या फरकामागे एकमेकांना खाणाऱ्या दोन मोठ्या चुका असू शकतात.

आपण दिलेला चेक तारखेपासून तीन महिन्यांत वटला नाही, तर तो बाद होतो. मग बँक नावे, व्यापारी जमा अशी उलट नोंद करा. ते उत्पन्न नव्हे. देणं तसंच उभं आहे.

आणि दुकानाची जीएसटी नोंदणी असेल, तर 54 आणि 18 रुपये खर्चात न घालता इनपुट क्रेडिटच्या, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा मिळणाऱ्या कराच्या, खात्यात वेगळे घ्या. त्यासाठी बँकेकडे तुमचा जीएसटी नंबर नोंदवलेला हवा, आणि ते बिल जीएसटीआर-2बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या इनपुट क्रेडिटच्या विवरणात, दिसायला हवं.