हजेरीपटावर नाव कुणाचं? साईटवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी निकाल लागले की पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली दोन-चार पोरं माझ्याकडं येतात. कुणी भाच्याचा मित्र, कुणी गल्लीतला. प्रश्न ठरलेला, "सर, साईटवर जायच्या आधी काय शिकून घेऊ?" त्यांना वाटतं मी एखादं सॉफ्टवेअर सांगेन. मी विचारतो, "हजेरीपट वाचता येतो का?" मग ती एकमेकांकडं बघतात.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. सहा वर्षं साईट इंजिनिअर म्हणून काढली आणि आता आठ वर्षं एका मध्यम आकाराच्या बांधकाम कंपनीत कामगार आणि सुरक्षा बघतो. आमच्या कामाला हल्ली "मानवी हक्क" असं मोठं नाव लागलंय. मोठ्या शेअरबाजारी कंपन्यांना सेबीच्या अहवालात त्यावर पानं भरावी लागतात, आणि त्यांचं काम घेणाऱ्या आमच्यासारख्यांकडं प्रश्नावली येते. धोरण आहे का? आहे. फ्रेम करून लावलंय का? लावलंय. पण साईटवर हक्क राहतात की जातात हे त्या फ्रेममध्ये दिसत नाही. ते दिसतं हजेरीपटात, वेतनपत्रकात आणि ठेकेदाराच्या बिलात. या तिन्ही कागदांवर सही कुणाची? नव्यानं लागलेल्या इंजिनिअरची, म्हणजे तुमची.

माझ्या पहिल्या कंपनीत महिनाअखेरीला मला वेतनपत्रकावर सह्या घ्यायला पाठवलं. सत्तेचाळीस नावं होती, रकमेचा रकाना कोरा आणि अंगठे आधीच उठवलेले. इतके एकसारखे, की एकाच माणसानं ओळीनं टेकवत नेल्यासारखे. मी मुकादमाकडं बघितलं. तो वयानं मोठा, सगळे त्याला मामा म्हणायचे. म्हणाला, "साहेब, कशाला डोक्याला ताप? पैसं मीच वाटतो की." मी सही केली. बावीस वर्षांचा होतो, नोकरीला तीन आठवडे झाले होते. पुढं कधीतरी कळलं, की त्यातली अकरा माणसं दोन महिन्यांपूर्वीच गावी गेली होती आणि जी होती त्यांना हातात फक्त आठवड्याची खर्ची मिळत होती. बाकीचा हिशोब म्हणे "काम संपल्यावर".

कंपनीकडून निघालेला रुपया ठेकेदार, पोटठेकेदार आणि मुकादम असे तीन हात फिरून सेंट्रिंगवाल्याच्या, म्हणजे स्लॅबचा साचा उभा करणाऱ्याच्या, हातात पडतो. प्रत्येक हाताला थोडा चिकटतो. कंपनी म्हणते, "आम्ही ठेकेदाराला दिले, आमचा विषय संपला." कायदा तसं म्हणत नाही. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं, म्हणजे ठेका देणाऱ्या कंपनीनं, द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांमध्येही आहे. कलमांचे आकडे बदलले, जबाबदारी जागच्या जागी आहे.

नव्या पोरांना मी एक निकाल नक्की वाचायला लावतो. दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती आणि तिथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही संविधानाच्या अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरी आहे. माणूस स्वतःच्या पायानं आला असला तरी. पोटाची गरज हीसुद्धा जबरदस्तीच. आमच्या धंद्यात "त्याला कुणी बांधून ठेवलंय का?" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येतं. त्याचं उत्तर त्या निकालात आहे.

मग उपाय काय? उपाय आरए बिलात, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्यानं निघणाऱ्या बिलात आहे. ठेकेदाराचं चालू बिल इंजिनिअरच्या मोजमापाशिवाय आणि सहीशिवाय पुढं सरकत नाही. आम्ही एक अट घातली: मागच्या महिन्याची मजुरी कामगारांच्या खात्यावर गेल्याचा बँकेचा कागद जोडल्याशिवाय पुढचं बिल हलणार नाही. पहिल्या महिन्यात रडारड झाली. "लेबरला खाती नाहीत" म्हणाले. दोन रविवार बँकेच्या माणसाला साईटवर बसवून खाती काढली. तिसऱ्या महिन्यात कागद वेळेवर यायला लागले आणि मी खूश झालो.

ती खुशी फार टिकली नाही. एटीएम कार्डांचा गठ्ठा रबर लावून मुकादमाच्या खिशात होता. पिनसुद्धा त्यालाच माहीत. म्हणून सांगतो, कागद बघाच, पण माणसालाही विचारा. आमच्याकडं गवंडी कोल्हापूरच्या आसपासचे असतात, पण बिगारी आणि सेंट्रिंगवाले बरेचदा यादगीर, विजापूरकडचे, नाहीतर बिहार-बंगालचे. मी शिकलेलं पहिलं कन्नड वाक्य "ऊट आयता?" (जेवण झालं का?) आणि दुसरं "पगार एष्टु?" (पगार किती?). पहिल्याशिवाय दुसऱ्याचं खरं उत्तर मिळत नाही. आणि विचारायचं ते चहाच्या टपरीवर, मुकादम शेजारी नसताना.

आता आपल्या बाजूचं. ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. पण एकदा मी आमच्याच खरेदी विभागानं मंजूर केलेला सेंट्रिंगचा चौरस फुटाचा दर घेतला, किती माणसं किती दिवस लागतात ते मांडलं आणि भागाकार केला. त्यातून दिवसाला जो आकडा निघाला तो किमान वेतनाच्या खाली होता. ठेकेदारानं एक पैसाही नफा घेतला नाही तरी कायदा मोडल्याशिवाय ते काम होणारच नव्हतं. वर आम्ही त्याचं बिल अडीच महिन्यांनी देणार आणि त्यानं मजुरी सात तारखेला द्यावी म्हणणार! संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं २०११ मध्ये उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत कंपनीची जबाबदारी तिच्या स्वतःच्या कृतीपुरती ठेवलेली नाही. ज्यांच्याशी तिचे धंद्याचे संबंध आहेत, त्यांच्याकडून होणारं नुकसानही तिनं बघायचं आहे. ते वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा हा भागाकार आठवला. आता निविदा काढतानाच दराचं पृथक्करण मजुरीसकट करतो. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत बदलतो, तेव्हा दरही पुन्हा तपासतो. यावरून मालकांशी माझी दोनदा चांगलीच वाजली आहे. एकदा मी हरलो.

ओव्हरटाइमबद्दल एकच सांगतो. स्लॅब सकाळी सुरू होतो आणि रात्री अकराला संपतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या रात्री साईटवर मटण शिजतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. जादा तासांना दुप्पट दर आहे. तांबडा-पांढरा दिला म्हणजे डबल पगार दिला असं होत नाही.

उचल हा सगळ्यात अवघड विषय. टोळी गावाहून निघतानाच मुकादमाकडून पैसे घेते. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. ते फिटेपर्यंत साईट सोडायची नाही असा अलिखित करार असतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली, पण उचलीच्या वहीत ती लपून बसते. उचल बंद करा असं मी म्हणत नाही, त्या माणसाला त्या वेळी दुसरं कोण पैसे देणार? आम्ही एवढंच करतो, की उचलीची रक्कम कामगाराच्या समोर लिहायची, दरमहा किती कापलं ते त्याला दाखवायचं, आणि त्याला गावी जायचं असेल तर बाकी राहिली म्हणून कुणी त्याची पिशवी अडवायची नाही. आधार कार्ड "जपून ठेवायला" म्हणून मुकादमाकडं जमा झालं असेल तर ते त्याच दिवशी परत.

आता बायकांचं. ऊसतोडीत "कोयता" म्हणजे नवरा-बायको दोघं, हे आपल्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. बांधकामावर तीच चाल "जोडी" म्हणून येते. हजेरी नवऱ्याच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात. बायको दिवसभर घमेली वाहते, पण कागदावर ती साईटवर नाहीच. याचे परिणाम लांबवर जातात. ज्या आक्कामुळं मला हे समजलं ती चार वर्षं आमच्या साईटवर होती. तिला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं कार्ड काढायचं होतं. त्याला आधीच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मी हजेरीपट चाळले. चार वर्षांत तिचं नाव एकदाही नव्हतं. नव्वद दिवस मी कुठून दाखवणार? बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आपण भरतो तो या मंडळासाठीच, पण जिच्यासाठी भरतो तिच्यापर्यंत तो पोचायला अडथळा आमच्याच वहीचा. आणि दुसरं असं, की १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर सांगितलं होतं. बायका वहीतच नाहीत म्हटल्यावर पन्नास कधी भरायच्या? तोवर पोरं वाळूच्या ढिगावर. नव्या संहितेत मोजणी स्त्री-पुरुष मिळून पन्नास माणसांची आहे, त्यामुळं ही पळवाट तरी बुजली.

आता आम्ही प्रत्येक बाईची हजेरी स्वतंत्र मांडतो, खातं तिच्या नावाचं. पहिल्या महिन्यात दोन नवरे भांडायला आले. नव्वद दिवसांच्या दाखल्यावर सही करायला घाबरू नका, तुमचं काही जात नाही. मात्र ओळखीतला कुणी एजंट साईटवर कधीच न आलेल्या माणसांचे दाखले घेऊन आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

राहायच्या जागेबद्दल मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या तेव्हाच्या साईटचा लेबर कॅम्प पंचगंगेच्या बाजूच्या सखल जागेत होता. जागा स्वस्त, रिकामी, साईटपासून जवळ. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ वर धोका पातळी, हे कोल्हापूरच्या माणसाला पाठ असतं. पावसाळ्यात आपण सकाळी उठून आधी पातळी विचारतो. यादगीरच्या माणसाला हे कोण सांगणार? पाणी चढतंय कळल्यावर दुपारी गोडाऊनमधली सिमेंटची पोती ट्रॅक्टरनं वर हलवली. त्यातला एक ट्रॅक्टर मी उभं राहून भरून घेतला. माणसं हलली रात्री, पाणी पत्र्याच्या खोल्यांना लागल्यावर, पोरांना खांद्यावर घेऊन. जीव सगळ्यांचे वाचले. भांडी, शिधा, कागदपत्रं गेली. त्या दिवशी मला कुणी चुकीचा हुकूम दिला नव्हता. पोती आधी हलवायची हे मला आपोआपच सुचलं होतं.

आता कॅम्पची जागा ठरवताना पाटबंधारे विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा आधी उघडतो. मग पाणी, संडास, बायकांसाठी कडी लागणारी वेगळी न्हाणी, रात्री दिवा.

सुरक्षेवर तुम्हाला प्रशिक्षण मिळेल, त्यामुळं इथं थोडंच. सेफ्टी बेल्ट सगळ्यांच्या कमरेला दिसला म्हणून समाधान मानू नका, त्याचा हूक कुठं अडकवलाय ते बघा. कित्येक ठिकाणी अडकवायला दोरच ओढलेला नसतो. ग्रॅनाइट आणि फरशी कोरडी कापू देऊ नका, ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. हेल्मेटचे पैसे मजुरीतून कापले जात असतील तर तेही हजेरीपटाशेजारच्या कपातीच्या रकान्यात सापडेल. आणि गेटबाहेर धूळ खाणारे, रात्री मिक्सरच्या आवाजानं जागे राहणारे शेजारीही माणसंच आहेत.

तक्रारपेटीचं मात्र गमतीशीर आहे. आम्ही ती मॅनेजरच्या केबिनबाहेर, कॅमेऱ्याखाली लावली होती. सूचना मराठीत. वर्षभरात एकच चिठ्ठी निघाली, तीही कुणाच्या तरी पोरानं काढलेलं चित्र. आता कोल्हापूरच्या सायबर कॉलेजमधून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, केलेली एक सहकारी आठवड्यातून दोनदा कॅम्पवर जाऊन बसते. तिला कन्नड येतं. पहिल्या महिन्यातच एवढं बाहेर आलं, की मला रात्री झोप लागली नाही.

या कामात यायचं असेल तर वाटा अनेक आहेत. सिव्हिलवाल्यानं औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा केला तर सुरक्षा अधिकारी होता येतं. नव्या संहितेनुसार बांधकामावर अडीचशे कामगार असले की असा अधिकारी लागतो. समाजकार्य किंवा कायदा शिकलेल्यांनाही जागा आहे, पण त्यांनी सहा महिने साईटवर काढावेत, नाहीतर मुकादम त्यांना सहज गुंडाळतो. पगार साईट इंजिनिअरपेक्षा सुरुवातीला कमीच असेल, हे आधी सांगून ठेवतो. वीटभट्टी आणि खडी क्रशर बघायला स्वतःहून जा. तिथं काम करणारी माणसं कुठल्याच प्रश्नावलीत येत नाहीत, आणि वीट तर आपल्याच भिंतीत लागते. हे काम आमच्याकडंही अजून अर्धवट आहे.

येत्या सोमवारी आमच्याकडं एक नवीन पोरगा रुजू होतोय. त्याला लेव्हल मशीन हातात हवंय. पहिले पंधरा दिवस ते मिळणार नाही. सकाळी साडेआठला वही घेऊन गेटवर उभा करणार आहे, प्रत्येकाला नाव विचारून लिहायला. बायकांनाही, त्यांचं स्वतःचं.