स्लो क्वेरी लॉग रोज रोटेट करताय? या चुका टाळा

मायएसक्यूएल हा डेटाबेस मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी ज्या फाइलमध्ये लिहितो, तो स्लो क्वेरी लॉग; जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू करणं म्हणजे रोटेट. या लॉगने डिस्क भरली की नव्या पोरांचा हात थेट आरएमवर (फाइल पुसायची कमांड) जातो. "सर, लॉग उडवला, पण जागाच होत नाहीये" एवढं फोनवर ऐकलं की पुढचं मीच सांगून टाकतो.

असाच एक फोन रात्री दोनला आला. मायएसक्यूएलमध्ये स्लो क्वेरीची मर्यादा मुळात 10 सेकंदांची असते. कुणीतरी टेस्टिंगसाठी ती शून्यावर आणली आणि विसरलं. शून्य म्हणजे प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये! फाइल 40 जीबीची झाली, पोराने ती आरएम केली. डीयू (फोल्डरमधल्या फाइली मोजणारी कमांड) म्हणतंय फोल्डर रिकामं, डीएफ (डिस्कची वापरलेली जागा दाखवणारी) म्हणतंय डिस्क 100 टक्के. आरएमने नुसतं नाव पुसलं जातं. मायएसक्यूएलने फाइल उघडी धरलेली असते, आणि ती सोडेपर्यंत जागा सुटत नाही. एलएसओएफमध्ये (उघड्या फाइलींची यादी) ती 'डिलीटेड' म्हणून दिसत होती आणि वाढतही होती. गडी सर्व्हर रीस्टार्ट करायला निघालेला. म्हटलं, थांब बाबा, बफर पूल (मेमरीत ठेवलेला डेटा) थंड करून सकाळी शिव्या खायच्यात का? 'फ्लश स्लो लॉग्ज' दिलं (याने मायएसक्यूएल लॉग फाइल बंद करून पुन्हा उघडतं), जागा परत आली.

रोटेट करताना आधी एमव्ही (फाइलचं नाव बदलणं), मग फ्लश. नाव न बदलता नुसतं फ्लश केलंत तर तीच जुनी फाइल पुन्हा उघडते. आणि 'स्लो' शब्द गाळू नका, नाहीतर बायनरी लॉगही (डेटातल्या बदलांची नोंद) रोज विनाकारण नवा सुरू होतो.

लॉगरोटेट (लॉग आपोआप रोटेट करणारं टूल) मधलं कॉपीट्रंकेट, म्हणजे फाइलची कॉपी करून मूळ फाइल रिकामी करणं, हे आळशी माणसाचं औषध. कॉपी आणि ट्रंकेटच्या मधे आलेल्या ओळी गेल्याच. शिवाय भरत आलेल्या डिस्कवर 40 जीबीची कॉपी ठेवणार कुठे? मी वापरत नाही.

लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये डेलीसोबत (रोज रोटेट) साइझ (ठरावीक आकार झाला की रोटेट) लिहू नका, दोघांपैकी जे नंतर लिहिलं तेच वरचढ ठरतं. दोन्ही हवं असेल तर मॅक्ससाइझ.

क्रिएटमध्ये (रोटेटनंतर नवी फाइल बनवणारी ओळ) मालक रूट ठेवलात की फ्लशनंतर मायएसक्यूएलला फाइल उघडता येत नाही. मग ते एरर लॉगमध्ये एक ओळ टाकून स्लो लॉगिंग बंद करतं. एका टीमला आठवडाभर एकही स्लो क्वेरी दिसली नाही, तर सर्व्हर सुधारला म्हणून सगळे खूश!

स्लो क्वेरीची मर्यादा ग्लोबल (सगळ्या सर्व्हरसाठी) बदलली तरी आधीपासून जोडलेली कनेक्शन्स जुनीच किंमत धरून बसतात. कनेक्शन पूल (उघडी कनेक्शन्स पुन्हा पुन्हा वापरणं) वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा.

पोस्टरोटेटची (रोटेट झाल्यावर चालणारी, म्हणजे इथे फ्लशची) कमांड हाताने चालते, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालवताना) पासवर्ड सापडत नाही, हेही नेहमीचंच. आणि लॉगरोटेटला 'डी' देऊन "टेस्ट केलं" म्हणू नका. त्यात पोस्टरोटेट चालतच नाही. मी 'एफ' देऊन खरंच रोटेट करतो, मग 'सिलेक्ट स्लीप(11)' मारतो आणि नव्या फाइलवर टेल (शेवटच्या ओळी दाखवणारी कमांड) लावून ती ओळ उमटेपर्यंत जागचा हलत नाही.