अमेरिकेतल्या रणांगणातून खणून काढलेल्या वस्तू कशा जमवायच्या, आणि गोव्याच्या पावसात कशा टिकवायच्या

फोटो टाकला की दर वेळी तोच प्रश्न येतो, अरे फोंड्यात बसून अमेरिकेतल्या लढाईतली बटणं कुठून आणतोस आणि कशाला. कशालाचं उत्तर माझ्याकडे नाही, बायकोकडेही नाही, पण कुठून आणि कसं ते एकदा सविस्तर लिहून टाकतो म्हणजे परत परत टाइप करायला नको.

माझी ताई व्हर्जिनियात असते. तिच्याकडे गेलो की भावोजी एकदा तरी फिरवतात, आणि तिथे गाडीने तासभर कुठेही जा, अमेरिकन यादवी युद्धातलं काहीतरी लागतंच. १८६१ ते १८६५ हे युद्ध झालं, उत्तरेची युनियन आणि दक्षिणेची कॉन्फेडरेट फौज. दीडशे वर्षं होऊन गेली तरी शेतात नांगर फिरला की अजून गोळ्या वर येतात. जमिनीतून निघालेल्या मालाला तिथले लोक 'डग' म्हणतात आणि कुणाच्या माळ्यावर पेटीत जपून राहिलेल्याला 'नॉन-डग'. मी जमवतो ते डग, कारण स्वस्त पडतं, आणि खरं सांगायचं तर माती लागलेली वस्तू मला जास्त आवडते.

सुरुवात गोळीपासून करा. गोळीला ते 'मिनी बॉल' म्हणतात, पण ती मिनीही नाही आणि बॉलही नाही, क्लोद मिन्ये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावावरून ते नाव पडलं. शिशाची, टोकदार, बुडाकडून पोकळ, अंगावर तीन खाचा, म्हणून 'थ्री-रिंगर'. बार उडाला की बूड फुगून नळीतल्या आट्यांत घट्ट बसतं, त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ जाते. स्प्रिंगफील्ड रायफलीची गोळी ०.५८ इंच व्यासाची, वजन साधारण ५०० ग्रेन म्हणजे ३२ ग्रॅमच्या आसपास. आपल्या बोटाच्या एका पेराएवढी वस्तू, पण हातात घेतली की जड लागते. न उडालेली, म्हणजे सैनिकाच्या हातातून पडलेली ती 'ड्रॉप्ड', आणि उडून चेपलेली ती 'फायर्ड'. चांगल्या स्थितीतली साधी थ्री-रिंगर चार-पाच डॉलरात मिळते, त्यामुळे शिकायला हीच बरी, चूक झाली तरी खिशाला भोक पडत नाही.

आता आपल्या माणसांना इंटरेस्ट वाटेल असं. दोन्ही बाजूंनी इंग्लंडहून एन्फील्ड रायफली लाखांनी मागवल्या होत्या, १८५३ चं मॉडेल. तीच ती, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ पेटलं. एन्फील्डची गोळी वेगळी ओळखता येते, बाहेरून गुळगुळीत, खाचा नाहीत. मी पहिली एन्फील्ड गोळी हातात घेतली तेव्हा शाळेतला इतिहासाचा धडाच आठवला, बाकी गोळ्या त्या मानाने परक्या वाटतात. अजून एक मजेशीर प्रकार म्हणजे विल्यम्स क्लीनर, हिच्या बुडाला जस्ताची चकती असते, ती उडताना पसरून नळीतली काजळी खरवडत जायची. बऱ्याच गोळ्यांवर दातांचे ठसे दिसतात, आणि विकणारा सांगतो की जखमी सैनिकाने ऑपरेशनच्या वेळी दातात धरली होती. विश्वास ठेवू नका, त्यातल्या पुष्कळ डुकरांनी चावलेल्या असतात.

गोळ्यांनंतर बटणं. युनियनच्या बटणावर गरुड असतो, गरुडाच्या छातीवरच्या ढालीत आय असेल तर पायदळ, सी असेल तर घोडदळ, ए असेल तर तोफखाना. उलटं करून मागे बघायला विसरू नका, तिथे बनवणाऱ्याचं नाव असतं, त्याला 'बॅकमार्क' म्हणतात, कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या स्कोव्हिल कंपनीचं नाव खूप वेळा दिसतं. बॅकमार्कवरून बटण युद्धाआधीचं की नंतरचं ते बऱ्याचदा ठरवता येतं. दक्षिणेकडची बटणं महाग, लुइझियानाच्या बटणावर पेलिकन पक्षी असतो, पण त्या वाटेला पहिल्या दोन-तीन वर्षांत जाऊच नका, नकली माल तिथेच जास्त.

मी गेलो होतो, म्हणून सांगतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सी.एस. (कॉन्फेडरेट स्टेट्स) अक्षरं असलेलं पट्ट्याचं बकल घेतलं, माझ्या त्या महिन्याच्या पगाराचा बरा भाग गेला, फोटोत छान हिरवट काळसर दिसत होतं. ताईकडे पार्सल आलं, भावोजींनी कापसाला ॲसिटोन लावून पुसलं तर कापूस काळा आणि खाली पिवळंधमक पितळ. अक्षरांच्या कडा बोथट, मागे वाळूच्या साच्याचे दाणे तसेच दिसत होते. विक्रेता म्हणाला रिटर्नची मुदत संपली. आता ते बकल माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. तेव्हा कापूस आणि ॲसिटोन ही टेस्ट घेतल्या घेतल्या करा, रंगवलेला पॅटिना, म्हणजे जुनेपणाचा थर, निघतो, जमिनीत दीडशे वर्षं बसलेला निघत नाही. शिशाच्या गोळीवर खरा पांढरा थर असतो तो खाचांच्या आतपर्यंत सारखा बसलेला असतो. नव्या साच्यात ओतून वर काहीतरी चोळून पांढरी केलेली गोळी खाचांत चकचकीत राहते, भिंग लावलं की कळतं.

पण माल खरा असला तरी अर्धीच गोष्ट झाली. सगळ्यात जास्त किंमत असते चिठ्ठीला. ही गोळी कुठल्या शेतात, कधी, किती खोल, शेजारी अजून काय काय निघालं. चिठ्ठी नसेल तर ते ३२ ग्रॅम शिसं आहे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या भांड्यांच्या शेजारी ठेवलंत तर कोण ढुंकूनही बघणार नाही. विक्रेता नुसतं 'गेटिसबर्ग' म्हणत असेल तर सावध. १ ते ३ जुलै १८६३ ला तिथे लढाई झाली, नाव मोठं, म्हणून प्रत्येक दुसरी गोळी गेटिसबर्गची होते. तिथली मुख्य जमीन १८९५ पासून सरकारी पार्कात आहे, तेव्हा विचारायचं की कुणाच्या शेतातली, कुणी काढली, जुनं कलेक्शन असेल तर त्याचा कागद कुठाय. समोरचा चिडला तर समजून जा.

स्वतः खणायचं असेल तर आधी कायदा. नॅशनल पार्कात, म्हणजे गेटिसबर्ग, अँटिएटम, शायलो, विक्सबर्ग वगैरे, खणणं सोडा, मेटल डिटेक्टर जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. खणलंत तर तिथल्या १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यालाच १० हजार डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्ष कैद किंवा दोन्ही, नुकसान ५०० डॉलरच्या वर गेलं की २० हजार आणि दोन वर्षं. फक्त खासगी जमीन, मालकाची परवानगी, तीही लेखी. वाटेत थडगं किंवा हाडं दिसली तर तिथेच थांबायचं आणि पोलिसांना कळवायचं.

आणि रणांगणापेक्षा छावण्या शोधा, हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं. लढाई दोन-तीन दिवसांची, छावणी चार-पाच महिन्यांची. १८६३-६४ च्या हिवाळ्यात युनियनची पोटोमॅक आर्मी, लाखभर माणसं, व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीत ब्रँडी स्टेशनच्या आसपास झोपड्या बांधून राहिली. झोपडीत राहणारा माणूस बटण हरवतो, कंटाळून गोळीचा बुद्धिबळातला प्यादा कोरतो, कचरा खड्ड्यात टाकतो. तेच सगळं आता मिळतं.

तिथली माती बघून मला घरीच आल्यासारखं वाटलं, लालभडक, बुटाला चिकटणारी, अगदी आपल्या चिऱ्याच्या खाणीवरच्यासारखी. लोहाचं प्रमाण इतकं की साधा डिटेक्टर नुसताच बोंबलत राहतो, म्हणून तिथले लोक पल्स इंडक्शनचं महागडं मशीन वापरतात. भावोजींच्या ओळखीच्याने एक दिवस भाड्याशिवाय दिलं. सहा तास, अकरा खड्डे, त्यातून बिअरच्या कॅनची झाकणं, बंदुकीच्या काडतुसांची हल्लीची पितळी बुडं, एक नाल, आणि दोन गोळ्या. दुसरी गोळी साधारण वीतभर खोल होती, मातीच्या ढेकळात पांढरा ठिपका दिसला, आणि मी फावडं टाकून बोटांनीच उकरायला लागलो, नखांत आठवडाभर ती माती राहिली. खणताना गवताची ढेप एका बाजूला अखंड उचलायची, काम झालं की तशीच परत बसवून पायाने दाबायची, नाहीतर मालक पुढच्या वेळी कुत्रा सोडेल. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर, वहीत त्याच नंबरासमोर जागा आणि खोली. संध्याकाळी लिहू म्हणाल तर राहून जातं, मी सांगतो ना.

एका गोष्टीत मस्करी नाही. तोफेचा न फुटलेला गोळा दिसला तर हात लावायचा नाही. आतली काळी दारू अजून जिवंत असू शकते. २००८ मध्ये व्हर्जिनियातच एक अनुभवी कलेक्टर आपल्या घराच्या आवारात असा गोळा साफ करताना स्फोटात मारला गेला. फुटलेल्या गोळ्याचे तुकडे ठीक. गोव्यात विहीर खणताना एखादा गोळा लागला तरी हेच, आधी पोलीस, मग पुरातत्त्व खातं. आणि हो, डिटेक्टर घेऊन आग्वाद किंवा जुन्या गोव्याला फिरायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, संरक्षित स्मारकं आहेत ती.

घरी आणायचं कसं. माझं सरळ मत, गोळ्या आणूच नका. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि मोपा विमानतळावर रात्री दोन वाजता सामानाच्या स्कॅनरवर शिसं दिसल्यावर तिथल्या माणसाला १८६३ ची गोष्ट सांगत बसणं मला तरी जमणार नाही. माझ्या सगळ्या गोळ्या ताईच्या घरी कॉफीच्या डब्यात आहेत, इथे फक्त फोटो आणि वही. बटणं, बकलं, चमचे असलं आणतो, बिल सोबत ठेवतो. एकदा आणलं की परत बाहेर न्यायचं म्हटलं तर शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येऊ शकतो, तेव्हा विकायला म्हणून आणू नका.

आता आपला खरा शत्रू, पाऊस. लोखंड गोव्यात आणू नका. मी तोफगोळ्याचा एक तुकडा हौसेने आणला होता, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे चकतीसारखे पापुद्रे सुटायला लागले आणि खाली नारिंगी पाणी. जमिनीतले क्षार आत राहिलेले असतात, दमट हवा लागली की आतून खातात. तिथेच धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात इलेक्ट्रोलिसिस करून, म्हणजे वीज सोडून गंज काढून, मग कितीतरी आठवडे डिस्टिल्ड पाणी बदलत भिजवून, पूर्ण वाळवून वर मेण दिलं असतं तर टिकला असता. इलेक्ट्रोलिसिसला स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिशाला काहीच करायचं नाही, तो पांढरा थर म्हणजेच त्याचं संरक्षण, हात लागला की साबणाने धुवा आणि पोरांपासून लांब ठेवा. शिसं ओकच्या लाकडी पेटीत तर कधीच नको, लाकडातल्या आम्लाच्या वाफेने त्याचं पीठ होतं, साधा प्लास्टिकचा डबा बरा. पितळेवर फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर तो रोग आहे, ते बटण बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. माझं सगळ्यात चांगलं गरुडाचं बटण, कल्पेपरचं, गरुडाच्या पंखांत मूळ सोन्याचा मुलामा शिल्लक होता. मी ते खिडकीत ठेवून ऑफिसला गेलो, संध्याकाळी आलो तर देवाच्या निरांजनासारखं लखलखत होतं. आईने चतुर्थीची भांडी चिंचेने घासायला काढली होती, त्यातच तेही घासलं. मला म्हणते, "म्हेळें आशिल्लें, घासून दवरलें." म्हणजे मळलं होतं, घासून ठेवलं. काय बोलणार. मुलामा गेला, ढालीतला आय पण अर्धा गेला. ते विकलं नाही, डब्यात आहे. वहीत त्याच्या नंबरासमोर शेत, खोली, तारीख लिहिलेली होती, त्याच्याखाली एक ओळ वाढवली, २०१९, चतुर्थीच्या आदल्या दिवशी चिंचेने घासलं, आई. डब्यात सिलिका जेलची पुडी नारिंगी रंगाची घ्या, हिरवी झाली की बदला, जून ते सप्टेंबर मी दर रविवारी बघतो.