कोल्हापुरात सिनेमा आणि जेवण एकाच संध्याकाळी कसे जमवावे

ज्या शहरात 1929 साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तिथे सिनेमा घाईने उरकणे शोभत नाही. म्हणून शक्यतो दुपारी तीनचा खेळ निवडावा. सहाचा खेळ सुटेपर्यंत नऊ वाजून जातात आणि रविवारी तर खानावळीबाहेर ताटकळावे लागते.

मध्यंतरात पॉपकॉर्नने पोट भरू नये. भूक मटणाच्या ताटासाठी राखावी. ताटात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी आणि भात असतो. मटणाचे पाणी, नारळाचे दूध आणि खसखस यांचा पांढरा रस्सा गरम असतानाच वाटीने प्यावा, कारण तो निवला की त्यातला तूपकटपणा जिभेवर बसतो. तांबडा मात्र भाकरी कुस्करून खावा. बहुतेक ठिकाणी रस्सा पुन्हा वाढतात, तेव्हा मागायला संकोचू नये. तिखट सोसत नसेल तर आरंभीच सांगावे; नंतर पाणी पिऊन काही उपयोग होत नाही.

शाकाहारी मंडळींनी सकाळचा खेळ धरून त्याआधी मिसळ खावी, कट वेगळा मागून घ्यावा. इथे मिसळीबरोबर पावाच्या स्लाइस देतात. रात्री रंकाळ्यावर फेरी मारावी.