भंगारातून रॉकेट बनवताय? आधी या चुका टाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, इथे रॉकेट म्हणजे पाणी आणि हवेवर उडणारं. कोल्ड्रिंकची बाटली उलटी, आत थोडं पाणी, सायकलच्या पंपाने हवा मारायची आणि सोडून द्यायचं. फटाके फोडून दारू काढणे, घरी इंधन घोटणे, हे या लेखात नाहीये आणि तुम्ही पण करू नका. १९५७ ला रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाल्यावर अमेरिकेतल्या पोरांनी तळघरात हेच उद्योग केले, कोणाची बोटं गेली कोणाचे डोळे, आणि त्यावर उतारा म्हणूनच तिकडे कारखान्यात बनलेल्या छोट्या रेडीमेड मोटरी (म्हणजे रॉकेटला ढकलणाऱ्या, इंधन भरलेल्या नळ्या) विकायला आल्या. म्हणजे मॉडेल रॉकेटचा छंदच मुळात "मोटर घरी बनवायची नाही" या नियमावर उभा आहे. त्या मोटरी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाहीत, आणि स्फोटकांचं लायसन्स देणारी पेसो, जिचं हेड ऑफिस नागपूरलाच आहे, तिच्या परवान्याशिवाय असलं काही बनवणं सरळ गुन्हा आहे. त्यामुळे पाणीच. आणि पाण्यात मजा कमी आहे असं ज्याला वाटतं त्याने एकदा दोन लिटरची बाटली ६० पीएसआयला (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) सोडून बघावी.

आता मुद्दा. भंगारातला माल फुकट असतो म्हणून तो वाईट नसतो, पण त्यातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी बनलेली असते, आणि जवळपास सगळ्या चुका हे विसरल्यामुळे होतात.

सगळ्यात मोठी चूक बाटलीत होते. मिनरल वॉटरची बाटली आणि कोल्ड्रिंकची बाटली लांबून सारख्याच दिसतात, प्लास्टिक पण तेच पीईटी, पण पाण्याच्या बाटलीला आयुष्यात कधी प्रेशर झेलायचंच नसतं. कोल्ड्रिंकची बाटली मात्र बंद असताना नेहमीच्या तापमानाला आतून साधारण ५०-६० पीएसआय सहन करत दुकानात उभी असते, उन्हातल्या टेम्पोत त्याहून जास्त, म्हणून तिचा तळ पाच पाकळ्यांचा असतो. तळ बघून घ्या, पाच पाकळ्या नसतील तर ती बाटली पंख, नाक वगैरे कापायला ठेवा, हवा भरायला नाही. आणि ६० च्या वर जाऊ नका. यूट्यूबवर लोक १०० च्या पुढे जाताना दिसतात पण त्यांच्या बाटल्या नव्या असतात आणि ते लांब उभे असतात. तुमची बाटली लग्नाच्या हॉलमागून आलेली आहे.

भंगारवाल्याकडची बाटली घेताना वास घ्या. आपल्याकडे संडास धुवायचं ॲसिड, रॉकेल, पेट्रोल सगळं याच बाटल्यांतून फिरतं, तसली बाटली धुऊन सुद्धा वापरू नका. उजेडात धरून फिरवा, कुठे चेपल्याची पांढरी रेघ दिसली की बाद. महिनोन्‌महिने गच्चीवर उन्हात पडलेली असेल तरी बाद. आणि चांगली दिसते म्हणून थेट हवा भरू नका, आधी काठोकाठ पाणी भरून लाँचरवर (बाटली धरून ठेवणारा आणि आत हवा नेणारा पाइपचा स्टँड, त्याच्याकडे पुढे येतो) लावा आणि मग पंप मारून प्रेशर द्या. पाणी दबत नाही त्यामुळे आत एनर्जी फार साठतच नाही, बाटली फुटली तर फसकन पाणी येईल आणि विषय संपेल, तेच हवा भरलेली फुटली तर कान आणि डोळे दोन्हीचा प्रश्न आहे. या टेस्टला दहा मिनिटं लागतात आणि तरी कोणी करत नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही.

चिकटवणे. ग्लू गनने पंख थेट बाटलीवर चिकटवतात, हे नव्वद टक्के लोक करतात असं म्हटलं तरी चालेल. पीईटी साधारण ७०-८० डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि ग्लू गनमधून येणारा गोंद त्याच्यापेक्षा कितीतरी गरम असतो, जिथे थेंब पडला तिथे बाटली आतून वाकडी झाली, आणि नेमकी तिथूनच ती फाटते. फेविक्विक धरतं पण कडक होतं, आणि हवा भरल्यावर बाटली थोडी फुगते तेव्हा तो कडक जोड तटकन सुटतो. पाइपवाल्यांचं सोल्व्हेंट पीव्हीसीसाठी असतं, पीईटीला ते धरत नाही. काही जण गोंद धरावा म्हणून बाटली पॉलिश पेपरने घासतात, ते तर अजिबात नको, प्रेशरच्या भिंतीवर ओरखडे म्हणजे फाटायला रस्ता करून देणं. यावर सोपा मार्ग असा की दुसरी तशीच बाटली घ्या, तिचा मधला सरळ भाग कापून बांगडी काढा, त्या बांगडीवर हवा तो गोंद, हव्या त्या ग्लू गनने पंख लावा आणि मग ती बांगडी मुख्य बाटलीवर सरकवून चिकटपट्टीने पॅक करा. पंख मोडला तर फक्त बांगडी बदलायची.

पंखांसाठी निवडणुका झाल्या की रस्तोरस्ती पडलेली सनपॅक शीट (प्रचाराच्या बोर्डाची प्लास्टिक शीट) बेस्ट. हलकी, ताठ, पाण्याने खराब होत नाही, वर कुठल्यातरी उमेदवाराचा अर्धा चेहरा फुकट मिळतो. थर्माकोल पहिल्याच लँडिंगला तुटतो. जुन्या सीडी लावू नका, फुटल्या की धारदार तुकडे होतात. पत्रा तर अजिबातच नाही.

आता पंख कुठे लावता हा पुढचा घोळ. बाटली उलटी उडते, म्हणजे तोंड खाली, आणि तोंडाकडे ती निमुळती होत जाते, तिथे काही नीट चिकटत नाही म्हणून लोक पंख वर सरळ भागात, जवळजवळ मध्यावर लावून मोकळे होतात. मग रॉकेट वीस फूट सरळ जातं आणि गटांगळ्या खायला लागतं आणि लोक म्हणतात प्रेशर कमी पडलं. प्रेशरचा काही संबंध नाही. उडताना रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरतं, आणि हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे पाहिजे, निदान एका बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीला साधारण ११ सेंटिमीटर. पंख जेवढे मागे तेवढा हा बिंदू मागे. तेव्हा पंखाला मागे झुकता आकार द्या, वरचा भाग बांगडीवर चिकटलेला आणि टोक तोंडाच्याही खाली गेलेलं. फक्त कापायच्या आधी लाँचरवर ठेवून बघा, नाहीतर पंख लाँचरच्या कॉलरला (बाटलीच्या मानेभोवतीच्या मोठ्या पाइपच्या तुकड्याला) अडतो आणि सोडताक्षणी रॉकेट तिरपं होतं.

हा दाबाचा बिंदू काढायची पक्की गणिती पद्धत जेम्स बॅरोमन याने १९६६ मध्ये मांडली आणि आज फुकटची सॉफ्टवेअर ते गणित करून देतात, पण भंगारवाल्या रॉकेटला पुठ्ठा पुरतो. रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर काढायची, कापायची, आणि पट्टीच्या धारेवर तोलायची, जिथे तोलली तो बिंदू धरून चाला. खरा बिंदू बहुतेक वेळा थोडा अजून मागेच असतो त्यामुळे चूक झालीच तर सेफ बाजूला होते. मग रॉकेट रिकामं (पाणी न भरता, कारण पाणी सेकंदाच्या छोट्याशा भागात संपतं आणि उरलेला सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा असतो) बोटावर तोलून गुरुत्वमध्य बघा. तिथेच दोरी बांधा आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती फिरवा, नाक पुढे ठेवून फिरलं तर पास, आडवं किंवा उलटं फिरलं तर नाकाकडे वजन वाढवा.

वजनाला लोक घाबरतात, हलकं रॉकेट जास्त वर जाणार असं वाटतं. नुसती रिकामी बाटली फेकून बघा किती लांब जाते, हवा तिला लगेच थांबवते. तसंच आहे, थोडं वजन असलं की ती हवा कापत जाते आणि बऱ्याचदा उंची वाढते. वजन म्हणून मुलांची जुनी प्लास्टिसिन, ओली माती पिशवीत बांधून, काहीही चालेल जे मऊ आहे. नट-बोल्ट, खिळे, दगड नाही, आणि नाकाचं टोक टोकदार तर अजिबात नाही, जुन्या मऊ बॉलचा अर्धा भाग झकास बसतो. वरून येणारी गोष्ट कोणाच्या डोक्यावर येऊ शकते हे धरूनच चालायचं.

पाणी किती? एक तृतीयांश किंवा त्याहून थोडं कमी, दोन लिटरला ६०० मिली. निम्म्याहून जास्त भरलं की हवेला जागाच उरत नाही आणि रॉकेट पाण्याचं ओझं घेऊन कसंबसं उठतं, आणि वर गेल्यावरही आत पाणी खळखळत असेल तर हेच झालंय समजा.

लाँचरकडे येतो, कारण खरा धोका तिथे आहे. घरी प्लंबिंगचं काम झाल्यावर पाइपचे तुकडे उरतात आणि सगळे अर्धा इंचीच म्हणवतात पण तीन वेगळे निघतात. पांढरा यूपीव्हीसी शेड्यूलवाला बाहेरून साधारण २१.३ मिलिमीटर असतो आणि बाटलीचं तोंड आतून २१.७ च्या आसपास, हा जवळजवळ बरोबर बसतो. शेतीचा २० मिलिमीटरवाला ढिला पडतो. गरम पाण्याचा पिवळट सीपीव्हीसी तर १६ पेक्षाही बारीक असतो, त्यावर टेप गुंडाळत बसण्यात अर्थ नाही, कितीही गुंडाळली तरी गळणार. थोडीशी गळती असेल तर टेफलॉन टेप किंवा नळाच्या दुकानातली ओ-रिंग (गोल रबरी कडं). पंप मारताय आणि काटा ४० च्या वर जातच नाहीये तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, उगाच जोर लावू नका.

बाटली धरून ठेवायला झिप टायची पद्धत सगळ्यात भरवशाची. पाइपभोवती झिप टाय उभे बांधायचे, त्यांची डोकी बाटलीच्या मानेच्या कड्यावर येतील असे, आणि बाहेरून मोठ्या पाइपचा तुकडा कॉलरसारखा सरकवायचा, कॉलर दोरीने खाली ओढली की डोकी मोकळी होतात. इथे लोक दोन-चार झिप टाय लावून काम भागवतात. हिशोब करा, ६० पीएसआयला त्या तोंडावर साधारण १६ किलोचा जोर असतो, तेवढं वजन दोन बारीक टायवर लटकवाल का? पाइपभोवती बसतील तेवढे लावा. आणि लाँचर जमिनीत नीट खुंट्या मारून पक्का करा, वीट ठेवून नाही.

व्हॉल्व्हची चूक मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येते. पंक्चरवाल्याकडे टाकून दिलेला ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह मिळतो, एंड कॅपला (पाइपच्या टोकाच्या झाकणाला) साधारण साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडलं की तो मस्त बसतो, आणि लोक तो लाँचरवरच बसवतात. आता समजा रॉकेट अडकलं, कॉलर सरकेना. व्हॉल्व्ह एकाच दिशेने हवा सोडतो, म्हणजे पंप काढला तरी बाटली भरलेलीच, आणि हवा काढायची तर त्या भरलेल्या बाटलीजवळ जाऊन पिन दाबावी लागणार. नको. व्हॉल्व्ह लाँचरवर नाही, पंपाच्या टोकाला बसवा, मधे निदान पाच मीटर पाइप, म्हणजे काही झालं तरी लांबूनच हवा सोडता येते. साध्या सायकलचा जुना, आत रबरी नळीवाला व्हॉल्व्ह वापरू नका, त्यात काट्यावर दिसणारं प्रेशर आणि आतलं प्रेशर एक नसतं. आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, कितीही ओळखीचा असला तरी, लावायचा नाही. त्याच्या टाकीत १०० च्या वर प्रेशर असतं आणि बाटली काही सेकंदात भरते, तुम्ही थांब म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. हाताचा पंप हळू आहे हाच त्याचा गुण आहे.

डोळ्याला चष्मा, पोरं दोरीच्या मागे, बाजूला विमानतळ किंवा हायवे नको, हे सगळ्यांना माहिती असतं म्हणून पटकन सांगून पुढे जातो. वारा असेल तर तो ज्या बाजूने येतो तिकडे रॉकेट नाक वळवतं आणि पॅराशूट उघडल्यावर वाऱ्याबरोबर परत येतं, त्यामुळे मैदानाच्या मधे उभं राहा.

पॅराशूट. कचऱ्याच्या काळ्या पिशवीचं ६० सेंटिमीटरचं केलं तर दीडशे ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे आरामात खाली येतं, अर्ध्या मापाचं केलं तर वेग दुप्पट. मधे छोटं भोक ठेवा नाहीतर झोके घेत येतं. दोऱ्या पॅराशूटच्या व्यासाएवढ्या तरी लांब, साध्या सुती दोऱ्याच्या, नायलॉन मांजा घरात पडला असेल तरी नको, झाडावर अडकला की पक्षी मरतात आणि त्याच्यावर बंदी पण आहे. घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरवा, नाहीतर पिशवी स्वतःलाच चिकटते आणि काठीसारखी खाली येते.

आणि पॅराशूट न उघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा नाकात असतं. घडी केलेल्या पॅराशूटवर नाक नुसतं ठेवायचं, रॉकेट सगळ्यात उंच पोचलं की ते आपोआप पडेल, अशी आयडिया असते, पण सगळं वजन नाकातच भरलेलं असतं. पाणी संपल्या संपल्या हवा बाटलीला मागे खेचते आणि जड नाक तसंच पुढे जायला बघतं, त्यामुळे ते पूर्ण वेगात असतानाच सुटतं आणि पॅराशूट फाटतं. मग चिडून लोक नाकाला टेप लावतात आणि पुढच्या वेळी ते उघडतच नाही. वजन नाकात न ठेवता पॅराशूटच्या खाली, बाटलीच्या वरच्या टोकाला पक्कं बसवा आणि नाक हलकं ठेवा. ज्याला अजून भरवशाचं पाहिजे त्याने मोडक्या चावीच्या खेळण्यातला गिअरबॉक्स काढावा, तो टायमर म्हणून भारी चालतो, फिरत फिरत रबरबँड सोडतो आणि झाकण उघडतं. ६० पीएसआयवालं रॉकेट अडीच-तीन सेकंदात माथ्यावर पोचतं, टायमर तेवढाच लावा. फक्त चावी मोकळी ठेवून पंप मारायला बसू नका, पंप मारता मारताच तो संपतो आणि जमिनीवरच पॅराशूट बाहेर येतं. गिअरला एक पिन अडकवा, तिची दोरी लाँचरला बांधा, रॉकेट उडालं की पिन निघेल आणि मोजणी तिथून सुरू होईल.