निवृत्तीनंतर स्वतःचं घर की भाड्याचं? महिन्याचा हिशेब मांडताना या चुका टाळा

"घर स्वतःचं आहे, मग राहायला खर्च कसला?" निवृत्तीच्या जवळ आलेल्या कुणाशीही पैशांबद्दल बोलायला बसा, हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. भाड्याने राहणारे नेमके दुसऱ्या टोकाला असतात. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, स्वतःच्या चार भिंती असत्या तर निवांत असतो, असं त्यांना वाटत राहतं. दोघांचंही गणित अर्धवट असतं. आणि या अर्धवट गणितावर लोक पासष्टाव्या वर्षी राहतं घर विकतात, नाहीतर पीएफ आणि ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम एका नव्या फ्लॅटमध्ये ओततात. नोकरीत असताना चुकलेला निर्णय पुढच्या पगारांतून भरून काढता येतो. निवृत्तीनंतर ती सोय नसते, म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायलाच हवा.

सोसायटीचं बिल म्हणजेच घराचा खर्च समजणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, म्हणून यावर जरा वेळ घालवू.

सोसायटीचं बिल हातात घ्या आणि एकेक ओळ वाचा. सेवा शुल्क, पाणी, लिफ्ट, पार्किंग आणि खाली दोन छोट्या रकमा: दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी). महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, जमिनीची किंमत वगळून फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी घ्यायचे असतात. मेख आहे ती 'बांधकाम खर्च' या शब्दांत. बऱ्याच जुन्या सोसायट्या अजूनही इमारत उभी राहिली तेव्हाचाच खर्च धरतात. समजा, १९९२ साली ७०० चौरस फुटांचा फ्लॅट २५० रुपये चौरस फुटाने बांधला गेला. बांधकाम खर्च झाला १ लाख ७५ हजार. म्हणजे सिंकिंग फंड महिन्याला जेमतेम ३६ रुपये आणि दुरुस्ती निधी १०९ रुपये.

बिल कमी येतं म्हणून सभासद खूश असतात. मग एका वर्षी लिफ्ट बदलायची वेळ येते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतं, बाहेरून प्लास्टर आणि रंग करावा लागतो. इमारत पंधरा वर्षांहून जुनी झाली की दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांहून जुनी झाली की दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायची असते, आणि ऑडिटमध्ये सहसा काही ना काही काम निघतंच. वीस फ्लॅटच्या सोसायटीत ३० लाखांचं काम निघालं तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड लाख येतात. पगार चालू असताना ही रक्कम नाराजीने का होईना, भरली जाते. पेन्शनवर जगणाऱ्यांना त्यासाठी मुदत ठेव मोडावी लागते.

असा खर्च दर सात वर्षांनी येतो असं धरलं, तर दीड लाखाचे महिन्याला जवळपास १,८०० रुपये होतात. ते आजपासूनच खर्चात धरा, मग बिलावर दिसोत वा न दिसोत. यंदा काय भरावं लागणार हे कळायला वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि शेवटचा ऑडिट अहवाल वाचा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

मालमत्ता कराचंही तसंच. तो वर्षातून एक-दोनदा येतो, म्हणून महिन्याच्या हिशेबातून निसटतो. इथे गावागावांत फरक आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत आहे; मधल्या काळात बंद झालेली ही सवलत २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. तुमच्या बिलात ती दिसत नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जाऊन चौकशी करा.

लहान घर घेतलं की बिल आपोआप कमी होईल असं धरणं

मुलं बाहेर गेली, तीन बेडरूमचं घर विकून एक बेडरूमचं घेऊ, मेंटेनन्सही कमी होईल. विचार चांगला आहे, पण सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवा शुल्क प्रत्येक फ्लॅटला सारखंच असतं, फ्लॅट लहान असो की मोठा. वॉचमन, सफाई, ऑफिस यांचा खर्च समान वाटला जातो. त्यामुळे मोठ्या सोसायटीतून तशाच सोसायटीत लहान घर घेतलं, तर या ओळीत फारसा फरक पडत नाही. अपार्टमेंट कायद्याखाली नोंदणी असेल तर मात्र वाटणी अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे जमीन आणि सामायिक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या, प्रमाणात होते. घर बघायला जाल तेव्हा ही सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे आधी विचारा. जलतरण तलाव, क्लबहाऊस असलेल्या नव्या संकुलात मेंटेनन्स महिन्याला ७,५०० च्या वर गेला आणि संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांहून जास्त असली, की १८ टक्के जीएसटीचाही प्रश्न येतो.

भाड्याचा खर्च म्हणजे फक्त भाडं, असं मांडणं

आता भाडेकरूची बाजू. समजा, वर धरलेल्याच फ्लॅटचं भाडं २४,००० रुपये आहे आणि डिपॉझिट एक लाख. त्या लाखावर बँकेत मिळालं असतं ते व्याज ७ टक्क्यांनी महिन्याला ५८० रुपये. दर तीन वर्षांनी घर बदललं तर एजंटाचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे महिन्याला साधारण ६७० रुपये. टेम्पो, हमाल, नवे पडदे, एसी काढून पुन्हा बसवणं हे सगळं वीस हजारांत झालं तर आणखी ५५० रुपये. लीव्ह अँड लायसन्स कराराचं (म्हणजे नेहमीच्या भाडेकराराचं) मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असतं. ३६ महिन्यांच्या करारावर ते सव्वादोन हजारांच्या आसपास जातं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आणि करार करून देणाऱ्याची फी वेगळी. एकूण खर्च २६,००० च्या घरात जातो.

मालकाच्या बाजूला सोसायटीचं बिल ३,२००, मालमत्ता कर ८००, मोठ्या दुरुस्तीची तरतूद १,८००, घरातली कामं (नळ, गीझर, वायरिंग, दर काही वर्षांनी रंग) १,५०० आणि घराचा विमा २००, असे ७,५०० धरू. म्हणजे २६,००० विरुद्ध ७,५००. शून्य नाही, पण फरक मोठा आहे. वीज, गॅस, इंटरनेट दोघांनाही लागतं, ते तुलनेत घेऊ नका.

एका महिन्याचीच तुलना करणं

वरची तुलना पाहून कुणी म्हणेल, मालकच फायद्यात. घर विकायला निघालेला म्हणेल, थांबा, घराची किंमत ९० लाख आहे. कर आणि दलाली जाऊन ८५ लाख हातात आले, ते ७ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला ४९,५०० रुपये व्याज येतं. २६,००० राहण्यावर गेले तरी साडेतेवीस हजार उरतात. मग घर कशाला अडकवून ठेवायचं?

आपल्या शहरांत घराच्या किमतीच्या मानाने भाडं कमी असतं, त्यामुळे पहिल्या वर्षी हे गणित असंच गोड दिसतं. पण भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत न्या. पंधरा वर्षांनी ते एकटंच ४९,९०० होतं. मुदत ठेवीचं व्याज तिथेच राहतं, किंबहुना दर उतरले तर कमी होतं. म्हणजे जो साठाव्या वर्षी घर विकून उरलेले साडेतेवीस हजार दर महिन्याला खर्च करतो, त्याला पंचाहत्तरीत व्याजातून फक्त भाडं भागवता येतं. औषधं, किराणा, मदतनीस यांसाठी त्याला मुद्दलाला हात लावावा लागतो. घर विकून भाड्याने राहणं चूक नाही, पण पहिल्या दहा वर्षांत उरणारी रक्कम पुढच्या भाड्यासाठी बाजूला टाकायची शिस्त असेल तरच ते करावं, असं माझं ठाम मत आहे. मालकाचे ७,५०० सुद्धा वाढतात, पण छोटी रक्कम वाढून वाढून किती वाढणार?

इथे तुमची पेन्शन कोणती आहे, यावर बरंच अवलंबून आहे. सरकारी पेन्शनवर महागाई भत्ता वाढत जातो, त्यामुळे भाडेवाढ निदान अंशतः तरी झेपते. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. ज्यांचा आधार तीच पेन्शन आणि ठेवींचं व्याज आहे, त्यांनी वाढत्या भाड्याची जबाबदारी अंगावर घेण्याआधी दहादा विचार करावा.

दोघांची पेन्शन धरून हिशेब करणं

हे लिहायला जड जातं, पण टाळता येत नाही. नवरा-बायकोपैकी एक जण गेल्यावर किराण्याचा खर्च थोडा कमी होतो, घराचा होत नाही. पेन्शन मात्र खाली येते. सरकारी निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असतं, तर कुटुंब निवृत्तिवेतन, सुरुवातीचा वाढीव काळ संपल्यावर, ३० टक्के. ईपीएसमध्ये पेन्शनधारकाच्या मागे जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. म्हणून दोन हिशेब मांडा: एक दोघांचा आणि एक मागे राहणाऱ्या एकट्या माणसाचा. बहुतेक घरांत ती बाई असते आणि घराचे कागद, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स कुठल्या खात्यातून जातो हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. दुसरा हिशेब तिच्यासमोर बसून, तिच्यासोबतच करा.

गावच्या घराचा खर्च न धरणं

कोकणात किंवा देशावर वडिलोपार्जित घर आहे, निवृत्तीनंतर सहा महिने तिकडे आणि सहा महिने शहरात राहू, असा बेत अनेकांचा असतो. ग्रामपंचायतीची घरपट्टी कमी असते, हे खरं. पण कौलारू घराची पावसाळ्याआधीची शाकारणी, बंद घराला लागणारी वाळवी, विहिरीचा पंप, अंगण साफ करणारा माणूस आणि येण्या-जाण्याचा खर्च धरला की ते दुसरं बिल होतं. शहरातलं बिल त्या सहा महिन्यांत थांबत नाही. दोन्ही एकत्र मांडूनच ठरवा.

गणित आधीच बिघडलं असेल तर

घर आहे पण हातात पैसा नाही, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची अडचण. तिसऱ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर असेल, तर ते भाड्याने देऊन त्याच भागात लिफ्टच्या इमारतीत भाड्याने राहता येतं. मात्र मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त लावलं असेल तर लेखी हरकत घ्या. स्वतः राहण्याची मालमत्ता करातली सवलत जाते, तीही धरा. आयकरात, घरभाडे भत्ता न मिळणाऱ्यांना जुन्या करपद्धतीत भरलेल्या भाड्यापोटी महिन्याला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, पण त्याच गावात तुमचं किंवा जोडीदाराचं घर असेल तर ती मिळत नाही.

सोसायटीची थकबाकी साचली असेल, तर आधी ती मिटवा. उपविधींनुसार तिच्यावर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं, आणि एवढं व्याज तुमची कुठलीच ठेव देत नाही. मुलांकडे परदेशी सहा-आठ महिने जाणाऱ्यांनी मेंटेनन्स दर महिन्याला खात्यातून आपोआप जाईल अशी बँकेत स्थायी सूचना देऊनच निघावं.

भाडेकरू असाल आणि दर अकरा महिन्यांनी मालक काय म्हणेल ही धास्ती असेल, तर ३६ किंवा ६० महिन्यांचा करार मागा. दरवर्षीची वाढ त्यात टक्क्यांत लिहून घ्या, आणि लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोन्ही बाजूंना लागू आहे का, तेही पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. "नोंदणी कशाला, आपण ओळखीचे आहोत" असं म्हणणाऱ्या मालकाकडे या वयात राहायला जाऊ नका. मुदत संपायच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचं बोलणं सुरू करा. मुदत संपूनही ताबा सोडला नाही तर मालक दुप्पट भाडं मागू शकतो.

घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही आणि महिना भागत नाही, अशी स्थिती असेल तर रिव्हर्स मॉर्गेजची माहिती घ्या. ६० वर्षांवरच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांसाठी ही कर्जयोजना २००७ पासून आहे. बँक ठरलेली रक्कम देते, तुम्ही घरातच राहता, आणि कर्ज तुमच्या पश्चात घरातून किंवा वारसांकडून वसूल होतं. मालमत्ता कर, विमा आणि दुरुस्ती मात्र तुमच्याकडेच राहते. बँकेत जाण्याआधी फ्लॅटचे कागद पूर्ण आहेत का ते तपासा, जोडीदाराला सहकर्जदार करता येईल का ते विचारा आणि मुलांना बसवून सगळं सांगा. घर सोडवून घ्यायचं की बँकेला विकू द्यायचं, हे पुढे त्यांनाच ठरवायचं असतं.